अंदमानात शांत बेट आधी करा, गर्दीची शेवटी

तुमची आखणी वाचली. डिसेंबरचा पहिला आठवडा, पाठीवर एकेक सॅक, आधी हॅवलॉक, मग नील, शेवटचे तीन दिवस लिटल अंदमान आणि दहाव्या दिवशी दुपारी पोर्ट ब्लेअरहून चेन्नईमार्गे पुणे. तुम्ही लिहिलंय की सरकारी बोटीच्या परतीच्या तिकिटाबद्दल कुणीच धड सांगत नाही. याच फेऱ्यात मीही पूर्वी सापडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. विमान, हॉटेलं, स्कूबा हे तुमचं तुम्हाला जमेल, त्यात शिरत नाही. फक्त सेल्युलर जेल कुठल्या दिवशी बंद असतं ते आधी बघून ठेवा, आणि तिकिटांवर स्वराज द्वीप (हॅवलॉक), शहीद द्वीप (नील), श्री विजय पुरम (पोर्ट ब्लेअर) अशी नवी नावं दिसली तर गोंधळू नका.

माझं म्हणणं एकच: क्रम उलटा करा. लिटल अंदमान आधी, हॅवलॉक-नील शेवटी.

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या त्रिकोणात सरकारी फेरीशिवाय खाजगी वेगवान बोटीही रोज धावतात. एक चुकली तर दुसरी मिळते, पैसे जास्त जातात एवढंच. लिटल अंदमानला, म्हणजे तिथल्या हट बे बंदराला, जायला व्यवहारात सरकारी बोटच आहे. हेलिकॉप्टर असतं, पण जागा मोजक्या, रुग्ण आणि सरकारी कामाची माणसं आधी, आणि सामानाची मर्यादा इतकी कमी की तुमची सॅक त्यात बसणार नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

बोटीला सहा ते आठ तास लागतात आणि वाटेत डंकन पॅसेजचा उघडा समुद्र आहे. हवा बिघडली की बंदरावर इशारा लागतो आणि बोटी थांबतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पुढची बोट सुटते तेव्हा तिच्यावर तिची स्वतःची गर्दी असतेच, शिवाय रद्द झालेल्या बोटीची माणसं असतात. बेटवासीयांना प्राधान्य मिळतं आणि ते मिळायलाच हवं, त्यांच्यासाठी ती एसटी आहे. दवाखाना, परीक्षा, बाजार सगळं त्याच बोटीवर. म्हणजे बोट एक दिवस रद्द झाली तरी पर्यटक दोन-तीन दिवस मागे ढकलला जातो. तुमच्या आखणीत त्या दोन-तीन दिवसांच्या जागी विमान उभं आहे.

डिसेंबर म्हणजे समुद्र शांत, असं धरून चालू नका. आपला पाऊस गेलेला असतो, पण ईशान्य मोसमी वारे आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच महिन्यांत येतात. 2016 च्या डिसेंबरात हॅवलॉक-नीलवरच हजारावर पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. तेव्हा क्रम कोणताही असो, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. फेब्रुवारी ते एप्रिल जमत असेल तर समुद्र जास्त शहाण्यासारखा वागतो.

आता तिकीट खिडकी. एका जेट्टीवरच्या खिडकीने माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले. नाव घेत नाही, कारण माणसं बदलतात आणि इतर ठिकाणी मला फार मदत करणारे कर्मचारीही भेटले. तिथे कुणी खोटं बोललं नाही, पण विचारलं तेवढंच उत्तर मिळायचं. "बोट है?" "है." "टिकट?" "कल आओ." उद्या किती वाजता, विक्री कुठल्या खिडकीवर, हे कुणी आपणहून सांगत नाही. सकाळी दहाला पोचावं तर जागा संपलेल्या. विचारावं तर "कल बोला था ना". लांबून आलेल्या माणसाला एक वाक्य जास्त सांगायला काय जातं, हे मला आजही कळलेलं नाही.

म्हणून "तिकीट आहे का" असं विचारूच नका. या बोटीची विक्री कुठल्या तारखेला, किती वाजता आणि कुठे सुरू होणार, ते विचारा. परतीचं तिकीट इथूनच मिळतं की त्या बेटावरूनच काढावं लागतं, तेही. बोट रद्द झाली तर हेच तिकीट पुढच्या बोटीला चालतं की पैसे परत घेऊन नव्याने रांग लावायची, आणि पैसे कुठल्या खिडकीवर मिळतात? उत्तरं तिथेच कागदावर लिहून घ्या. शेजारचा सूचना फलक स्वतः वाचा, 'द डेली टेलिग्राम्स' या तिथल्या सरकारी दैनिकात बोटींचं वेळापत्रक येतं ते बघा, आणि लॉजमालकाला विचारा. त्याच्या घरचं कुणी ना कुणी त्या बोटीने येतजात असतंच.

रांगेत उभं राहण्याआधी फॉर्म भरून ठेवा. नाव आधारवर आहे तसंच, अक्षरासकट. दोन-दोन झेरॉक्स, पेन आणि सुटे पैसे जवळ हवेत. विक्री सुरू व्हायच्या तासभर आधी जा. बायकांची रांग वेगळी असेल तर ती बहुधा छोटी असते, तुमच्यापैकी कुणाला चालणार असेल तर तिचा उपयोग करा.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: बेटावर उतरून थेट किनारा गाठणं. हट बेची जेट्टी दक्षिणेला, नेताजी नगरचा किनारा उत्तरेकडे 11 किलोमीटरवर आणि बटलर बे त्याच्याही पुढे तीनेक किलोमीटर. एकदा तिथे सॅक टाकली की परतीच्या तिकिटाची आठवण निघायच्या आदल्या दिवशी होते. तसं करू नका. जेट्टीवर उतरलात की चहासुद्धा नंतर, आधी परतीची चौकशी.

बोटीत बंक (झोपायची जागा) मिळाला तर चादर आणि हवा भरायची उशी न्या. बोट लागत असेल तर गोळी सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही (कुठली गोळी ते आपल्या डॉक्टरांना विचारा). बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर हेलकावे सगळ्यात कमी बसतात. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून कपडे त्यात भरा. वरचं रेनकव्हर डेकवरच्या पाण्यापुढे टिकत नाही.

लिटल अंदमानवर मच्छरदाणी हवीच. खाडीच्या तोंडाशी पोहू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तेव्हा गावकरी जिथे उतरतात तिथेच उतरा. डुगाँग क्रीक आणि साउथ बे हा ओंगे आदिवासींचा राखीव भाग आहे, तिकडे फिरकायचंही नाही. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच न्या. समुद्राखालची केबल 2020 मध्ये आल्यापासून नेटवर्क सुधारलंय, पण लाइट गेले की यूपीआय कुणाच्या कामाचं?

लाँग आयलंडचंही विचारलंत. दहा दिवसांत दोन्ही शांत बेटं करू नका, एक निवडा. लाँग आयलंड निवडलंत तर हॅवलॉककडून रंगत-लाँग आयलंडला ठरावीक दिवशी जाणारी बोट बघा. रस्त्याने गेलात तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून काफिल्याने जावं लागतं. तो रस्ता बंद करायला सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं होतं, तरी वाहतूक चालू आहे. फोटो काढायला बंदी आहे, पण माझ्या मते नुसतं हिंडायला आलेल्याने तिथून जाऊच नये. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी वाद घालणार नाही.

नीलला जाताना भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ठेवा. दगडी कमान ओहोटीलाच नीट गाठता येते, भरतपूर किनाऱ्यावर पोहायला मात्र भरती हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी खूप लांब ओसरतं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) कमी. दोन्ही एकाच दिवसात बसतात, फक्त संध्याकाळ धरू नका. डिसेंबरात तिथे पाचच्या आसपास सूर्य बुडतो. किनाऱ्यावरचे शंख आणि पोवळी खिशात घालू नका, विमानतळावर सामान उघडून काढून घेतात आणि वर कारवाईही होऊ शकते.

वेळापत्रकं बदलत राहतात, तेव्हा मी दिलेले तास अंदाजाचे धरा. हट बेच्या बोटीच्या तारखा हातात आल्या की इथेच लिहा, नीलची रात्र कुठे बसते ते बघून सांगते.