डलहौसी स्प्रिंग्ज: गाडी कुठली यापेक्षा टायरमध्ये हवा किती ते बघा

तर प्रश्न असा आहे की जुलैच्या सुट्टीत मेलबर्नहून दोन फॅमिली, एक प्राडो (उंच फोर व्हील ड्राइव्ह) आणि एक फॉरेस्टर (कमी उंचीची ऑल व्हील ड्राइव्ह), ऊडनडाटा गावामार्गे डलहौसी स्प्रिंग्जला (हिमाचलचं नव्हे, साऊथ ऑस्ट्रेलियातलं, विटजिरा नॅशनल पार्कमधलं) कॅम्पिंगला जाऊ शकतात का. प्राडो जाईल. फॉरेस्टर नको. ऊडनडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने गावापर्यंत ती आरामात येईल, पण ऊडनडाटाच्या पुढे डलहौसीपर्यंत साधारण १८० किमी जे आहे ते वेगळं प्रकरण आहे, तिथे क्लिअरन्स लागतो, दगडावर पोट घासलं की ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून काही फायदा होत नाही.

आता सगळे विचारतात लिफ्ट किट घेऊ का, स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा घेणारी नळी) घेऊ का. अहो राहू द्या ते, पैसे टायरमध्ये घाला. लाईट ट्रक टायर, एकाऐवजी दोन स्टेपन्या, पंक्चर बुजवायचं प्लग किट, आणि बऱ्यापैकी कॉम्प्रेसर. तिथे मुठीएवढे तांबडे धारदार दगड मैलोन्मैल पसरलेत आणि मधूनच रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, दात वाजतात अक्षरशः, त्यात पंक्चर होणार हे धरूनच चालायचं. हायवेला ३६-३८ पीएसआय ठेवत असाल तर डांबर संपलं की २८ च्या आसपास आणा, मागे सामान जास्त असेल तर मागच्या चाकांना दोन-तीन जास्त, आणि हवा कमी केली की स्पीडही कमी, ७०-८० च्या वर जायचं नाही. कमी हवा आणि जास्त स्पीड एकत्र आले की टायरची बाजू तापते आणि फाटते, मग प्लग बिग काही उपयोगाचं नाही. अर्ध्या तासाने थांबून परत गेज लावा, थंड असतानापेक्षा ४ पीएसआयच्या बरंच वर चढलं असेल तर हवा फार कमी ठेवलीये किंवा तुम्ही पळवताय. गेज काढायचा कंटाळा आला तर नुसता तळहात फिरवा चारही टायरवर, एखादा बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर बहुधा त्यातून हवा जातेय, मागचा टायर बसला तरी अशा रस्त्यावर आत बसून कळत नाही. फुफाटा उडत असेल तर पुढच्या गाडीपासून लांब राहा, समोरून कोणी आलं की स्पीड कमी करून डावीकडे, दगड काचेवर येतात.

पाऊस पडला की विषय संपला. रस्ता बंदचा बोर्ड असेल तर "थोडंच आहे, जाऊन बघू" करायचं नाही, दंड जबर आहे आणि चिखलात रुतलात तर ओढायला लवकर कोणी येत नाही. निघायच्या दिवशी सकाळी रोड रिपोर्ट बघा आणि ऊडनडाटाच्या पिंक रोडहाऊसला विचारा.

मोबाईलला रेंज नाही धरून चाला, म्हणून पार्कचं कॅम्पिंग बुकिंग आधीच ऑनलाइन करा. सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) बरोबर हवाच, गाड्यांमध्ये बोलायचा यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर ठेवा. पाणी माणशी दिवसाला १० लिटर या हिशोबाने, शिवाय दोन दिवसांचं जास्तीचं. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. डिझेल ऊडनडाटाला फुल करा, पुढचं माउंट डेअरला, डलहौसीपासून अजून ७० किमी.

आणि हो, मिल्डुराकडून येणार असाल तर यांबाच्या चेकपोस्टला फ्रूट फ्लाय (फळमाशी) पसरू नये म्हणून टोमॅटो, मिरच्या, लिंबं सगळं काढून घेतात, मिसळीचा बेत असेल तर ते पुढे साऊथ ऑस्ट्रेलियात विकत घ्या. लसणीची चटणी नि दशम्या बिनधास्त न्या.

फॉरेस्टरवाल्यांसाठी दोन पर्याय आहेत. एक, फोर व्हील ड्राइव्ह भाड्याने घ्या, पण कच्च्या रस्त्याची आणि नेमक्या याच रस्त्याची परवानगी लेखी घ्या, बऱ्याच कंपन्यांच्या करारात फोर व्हील असली तरी कच्चा रस्ता चालत नाही. दोन, आणि लहान मुलं असतील तर मी हेच करीन, दोन्ही गाड्या घेऊन ऊडनडाटा ट्रॅकवरच मरी (Marree) गावाच्या पुढे कावर्ड स्प्रिंग्जला मुक्काम करा. जुन्या घान रेल्वेचं ठिकाण आहे, खजुराची झाडं आहेत, डुंबायला कोमट पाण्याचं छोटं कुंड आहे, आणि रस्ता कोरडा असेल तर फॉरेस्टर तिथे नीट पोचते.

डलहौसीलाच जायचं ठरलं तर पाणी ३५ अंशांच्या आसपास गरम असतं, जुलैत पहाटे बाहेर हुडहुडी भरते तेव्हा उतरा, छोटे मासे पायाची बोटं कुरतडतात, पोरं किंचाळतात पण मासे चावत नाहीत. संध्याकाळी मात्र डास भयंकर, अंधार पडायच्या आत पोरांना फुल पँट घाला. आणि चपला तंबूच्या आत ठेवा, डिंगो पळवतात.