ब्रीडरने टाकलेली लॅब्रेडॉर घरी आणताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

विकत न घेता रेस्क्यू गटाकडून, म्हणजे टाकलेली कुत्री सांभाळून त्यांना घर शोधून देणाऱ्यांकडून, लॅब्रेडॉर घ्यायची ठरवली आहेस. पण तिथे गुबगुबीत पिल्लू मिळेल अशी आशा धरू नकोस. अशा गटांकडे बहुतेक दोन प्रकारची कुत्री येतात: फ्लॅटमध्ये झेपला नाही म्हणून दीड-दोन वर्षांचा झाल्यावर सोडलेला दांडगा नर, नाहीतर पिल्लं देऊन थकल्यावर ब्रीडरने, म्हणजे पिल्लं विकण्यासाठी कुत्री पाळणाऱ्याने, टाकलेली पाच-सात वर्षांची मादी. नोकरी करणाऱ्या माणसाला मी मादीच सुचवेन. ती शांत असते. मात्र आयुष्य पिंजऱ्यात गेल्यामुळे जिना, लिफ्ट, मिक्सरचा आवाज, गुळगुळीत फरशी यांतलं काहीच तिला ठाऊक नसतं.

फॉर्ममध्ये ‘कुत्रं रोज किती तास एकटं राहील’ हा प्रश्न असतोच. नऊ तास असतील तर नऊ लिही. लोक चार लिहितात, मग कुत्री दिवसभर भुंकते, शेजारी तक्रार करतात आणि महिन्याभरात ती परत जाते. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घे. गटाचे लोक घर बघायला आले की बाल्कनीच्या गजांमधलं अंतर तपासतील. त्याचा राग मानू नकोस. खरा गट कुत्रं विकत नाही, फार तर लस-नसबंदीचा खर्च मागतो. कुत्री न दाखवता, नुसता फोटो पाठवून ‘गाडीभाडं आधी टाका’ म्हणणारा भामटा समज.

कागद तीन माग: रेबीज लसीचं प्रमाणपत्र, नसबंदीचा दाखला आणि अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा पंधरा अंकी नंबर तुझ्या नावावर करून घे. पेडिग्रीचा, म्हणजे वंशावळीचा, कागद विसर. नसबंदी झालेल्या कुत्रीला तो काय करायचा? मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवानाही काढावा लागतो. त्यासाठी रेबीजचं प्रमाणपत्र लागतंच.

नसबंदी राहिली असेल तर ती टाळू नकोस. माजानंतर साधारण महिना-दोन महिन्यांत अशा मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. ती एकदम जास्त पाणी पिऊ लागते, जेवण सोडते, कधी मागून स्राव दिसतो, कधी काहीच दिसत नाही. त्या वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं, लगेच डॉक्टर गाठायचा. पोटावरची आचळं बोटांनी चाचपून गाठ आहे का तेही पाहा. सिमेंटवर झोपून कोपरांना घट्टे पडलेले असतात, कानात वास मारणारा मळ असतो. या गोष्टी सावकाश बऱ्या होतात. खरी भीती गोचीडतापाची. गोचीड चावल्यावर लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून आणताना ठणठणीत वाटलेली कुत्री पंधरवड्यात आडवी होते. जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर प्लेटलेटसह रक्त तपासून घे. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं तर ते बहुधा चार आठवड्यांचं असतं. आठव्या दिवशी कुत्री उड्या मारायला लागली म्हणून बंद करू नकोस. आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चुकूनही नको.

आणण्याच्या दिवशी गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घाल, दोन्हींना दोरी लाव. पट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. घाबरलेली कुत्री मागे सरकत मान काढून घेते आणि रस्त्यावर पळते. हरवणाऱ्या कुत्र्यांतली बरीचशी पहिल्या काही दिवसांतच अशी हरवतात. पट्ट्यावर तुझा फोन नंबर आधीच लावून ठेव.

पहिले तीन आठवडे शक्य तितकं कमी कर. आंघोळ नको, पाहुणे नकोत, कौतुकाने मिठ्या मारणं नको. एक कोपरा दे आणि तिथून पाण्यापर्यंत रबरी मॅट अंथर, कारण फरशीवर घसरली की ती जागचीच हलत नाही. फॉस्टरकडे, म्हणजे गटातर्फे तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्याकडे, जे खात होती तेच दे आणि आठवडाभरात थोडं थोडं करून बदल. दूध-पोळीच्या लाडाने जुलाब होतात. शू-शीसाठी उठल्यावर, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, झोपण्याआधी आणि मधे दर दोन-तीन तासांनी खाली ने. घरात झालं तर ओरडू नकोस. ओरडल्याने ती लपून करायला शिकते, बाकी काही नाही. जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पूस. फिनाइलने पुसलं तर शूचा वास आपल्याला येत नाही, तिला येतो. एकटं राहणं आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास असं वाढव. पहिल्या सोमवारी एकदम ऑफिसला निघून जाऊ नकोस, रजा त्यासाठीच काढायची.

भांड्याजवळ कोणी आलं आणि ती गुरगुरली तर शिक्षा करू नकोस. गुरगुरणं हा इशारा आहे. तो मारून बंद केलास तर पुढच्या वेळी ती इशारा न देता चावेल. जेवताना तिला एकटं सोड, शेजारची मुलं लांब ठेव.

आणि इतकं करूनही नाहीच जमलं, तर करारपत्रात असतं तसं तिला त्याच गटाकडे परत दे. व्हॉट्सॲपवर ‘चांगलं घर हवं’ टाकून अनोळखी माणसाच्या हाती देऊ नकोस. विशेषतः नसबंदी न झालेली मादी असेल तर ‘घरी छोटी मुलं आहेत, खूप हौस आहे’ असं सांगत पहिला फोन कुठल्यातरी ब्रीडरचाच येऊ शकतो.

तुझा,
काका