चपला हातात घेऊन निघणारी आई

‘मूल रडू नये म्हणून गुपचूप सटकलं, तर बिघडलं कुठे?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्या बाईचा आवाज खाली आला की तो येणार हे मला कळतं. अलीकडे कुत्रा पाळणारेही तोच विचारतात. एक आई तर दोघांची काळजी एकदम घेऊन आली होती, चार वर्षांच्या लेकीची आणि घरातल्या कुत्र्याची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती कामाला निघाली की लेक गळ्याची मिठी सोडायची नाही आणि कुत्रा दार ओरबाडायचा. तिने उपाय काढला. आजीने लेकीला आतल्या खोलीत कार्टून लावून द्यायचं, कुत्र्यापुढे खाण्याचं भांडं ठेवायचं आणि हिने चपला हातात घेऊन अनवाणी जिना उतरायचा. पंधरा दिवस बरे गेले. मग लेक बाथरूमच्या बंद दारापाशी बसायला लागली, शेजारी कुत्रा. रात्री उठून ती आईच्या अंगाला हात लावून बघायची. कुत्र्याने सकाळच्या भांड्याला तोंड लावणं सोडलं. भांडं खाली आलं की बाई जाते, एवढं त्याला कळून चुकलं होतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “तुम्ही गेल्याचं लेकीला कळतं कधी?”

“कळतच नाही ना. ती शोधायला लागते तोवर मी पोचलेली असते.”

“मग तुम्ही घरात असल्याचं तिला कसं कळायचं?”

ती हसली आणि हसता हसता थांबली. पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली. “म्हणजे मी समोर बसलेली असले तरी...”

“तरी तिला पहारा द्यावा लागतो.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं.

सुरुवातीची बरीच वर्षं मीही निघण्याच्या क्षणावरच काम करायची. रडणं कमी कसं करायचं, एवढंच बघायची. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मुलाची आईविषयीची ओढ ही भुकेइतकीच मूळ गरज मानली. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने आई खोलीतून थोडा वेळ बाहेर गेल्यावर बाळं काय करतात हे तपासलं, पण तिचं खरं लक्ष आई परत आल्यावर बाळ काय करतं याकडे होतं. बाळ धावत येतं का, कुशीत शांत होतं का, पुन्हा खेळायला वळतं का? 1998 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हीच चाचणी कुत्र्यांवर केली, तेव्हा मालक जवळ असताना कुत्रेही जास्त मोकळेपणाने खेळले. माझ्यासाठी सगळं इथे जुळून येतं. भरवसा परतण्यावर बसतो, आणि परतणं मोजायला जाणं दिसावं लागतं.

म्हणून लेकीला सांगूनच निघायचं ठरलं. निरोप छोटा, रोज तोच. ‘लवकर येते’ म्हणायचं नाही, ‘तुझं दूध पिऊन झालं की येते’ म्हणायचं आणि तेव्हाच यायचं. पहिला आठवडा ती जास्त रडली. तसं होणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर लोक नेमके तिथेच माघार घेतात. साधारण आठव्या महिन्यापासून जवळचं माणूस दूर जाण्याची अशी भीती दिसते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची ओसरते. त्यानंतरही चार आठवड्यांहून जास्त टिकली आणि शाळा, झोप बिघडायला लागली, तर तज्ज्ञांना भेटाच.

कुत्र्याला शब्दांचा निरोप पोचत नाही, त्याला फक्त पुनरावृत्ती कळते. किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसायचं. चपला घालायच्या आणि भाजी चिरायची. मग दाराबाहेर दहा सेकंद, पुढे मिनिटभर, तो घाबरायच्या आत परत. मोबाइलवर चित्रीकरण करा. बहुतेक कुत्र्यांचा गोंधळ पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. कुरतडलेल्या दारासाठी त्याला मारू नका, ती भीती आहे, सूड नव्हे. त्रास फार असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा, काहींना औषधाची जोड लागते.

आणि मोठ्यांचं काय? नवऱ्याला उशीर झाला की ही बाई आठ-आठ फोन करायची, हे मला पाचव्या भेटीत कळलं. ती लहान असताना तिची आई तिला झोपेत ठेवून गावाला जायची. ही भीती मोठ्यांनाही असते, पण त्यांना ती ‘काळजी’ या नावाखाली लपवता येते. मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीने ही भीती 18 वर्षांच्या आत सुरू झालेली असण्याची अट 2013 मध्ये काढली, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मोठ्यांमध्ये त्रास साधारण सहा महिने टिकला, तर त्याकडे गांभीर्याने बघावं.

तीनेक महिन्यांनी तिचा फोन आला. कुत्रा अजून पंचवीस मिनिटांच्या पुढे एकटा राहत नव्हता, त्याचं काम चालूच होतं. “पण आज आंघोळ करून दार उघडलं,” ती म्हणाली, “तर बाहेर कोणीच नव्हतं. दोघं आतल्या खोलीत ठोकळे मांडून बसले होते. मला बघून लेक म्हणाली, तू जा ना, आम्ही खेळतोय.”