दोन नळ, टाकी एकच

प्रश्न : भोसरीत आमचं एसपीएमचं, म्हणजे ग्राहकाच्या एखाद्याच कामासाठी खास बनवायच्या मशिनांचं, वर्कशॉप आहे, वर्षाला आठ-दहा मशिनं बनतात. गेल्या वर्षी एका सर्व्हो ड्राइव्हची (मोटर नेमकी फिरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) डिलिव्हरी अकरा आठवडे लांबली. बाकी मशिन तयार, पॅनल उघडं, आणि ग्राहकाने पेनल्टी कापली ती वेगळीच. आता दीर म्हणतात, प्रत्येक वस्तूला दोन व्हेंडर करू. हा व्याप परवडेल का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : ताई, नाही परवडणार. आठ-दहा मशिनांची ऑर्डर दोघांत वाटलीत तर भाव जाईलच, शिवाय अडीनडीला तुमचा फोनही कुणी उचलणार नाही.

परचेसमध्ये तीस वर्षं काढली, त्यात मीही असाच फसलोय. मोठ्या ऐटीत दोन कंपन्यांचे कंट्रोलर मंजूर करून ठेवले होते. मार्च २०११मध्ये जपानला भूकंप झाला आणि दोघांच्याही तारखा एकदमच पुढे गेल्या. खोदून विचारलं, तर आतली चिप एकाच कारखान्यातली! आमच्या सोसायटीत नळ दोन आणि टाकी एक, तसलाच प्रकार. टोयोटालाही तेव्हा हेच भोवलं. हिताचिनाकाचा रेनेसासचा चिप-कारखाना बंद पडला आणि वेगवेगळे वाटणारे पुरवठादार खाली एकाच दाराशी उभे असल्याचं दिसलं. मग त्यांनी पुरवठादारांच्या पुरवठादारांपर्यंत नोंदी केल्या आणि चिपांचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. साठा न करता लागेल तेव्हाच माल मागवणाऱ्या जस्ट-इन-टाइमवाल्यांनी, बरं का!

तेव्हा आधी व्हेंडरला विचारा, तुझा माल येतो कुठून? का-कू करेल, चहा पाजा, पण विचारा. सर्व्हो मोटरमधल्या चुंबकांचंच बघा. एप्रिल २०२५मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम या चुंबकांत लागणाऱ्या धातूंच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा मोटरवर नाव कुणाचं आहे याला फारसा अर्थ उरला नाही.

आता तुमचा ड्राइव्ह. दुसऱ्या मेकचा डबा आणून लावला, असं ते होत नाही. मोटरचा फ्लँज, शाफ्ट, मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या एन्कोडरची केबल, पीएलसीतला (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) प्रोग्रॅम, सगळंच बदलतं. म्हणून हे काम परचेसच्या आधी डिझाइनच्या टेबलावर करायचं. माउंटिंग प्लेटवर दोन्ही मेकची भोकं पाडा, पॅनलमध्ये चार बोटं जागा सोडा, आणि एक मशिन खरोखरच दुसऱ्या मेकवर चालवून ग्राहकाला द्या. चालवून न पाहिलेला पर्यायी व्हेंडर नुसता फायलीत असतो. पाच साइजच्या मोटरी वापरत असाल तर दोनवर या; मग एक जोडी शेल्फवर ठेवणं जड जात नाही.

आणि नजर स्वस्त वस्तूंवर ठेवा. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमधल्या कारियात आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाला लागणारा ब्रेकचा एक चिमुकला व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच व्हायचा आणि हाताशी साठा होता काही तासांचा. जपानमधल्या त्यांच्या बहुतेक लाइनी थांबल्या. आठवड्याभरात सावरले, कारण ड्रॉइंगं इतरांना वाटली गेली आणि शिलाई मशिनवाल्या ब्रदरसकट कितीतरी कारखान्यांनी हाताशी असलेल्या मशिनवर व्हॉल्व्ह कापून दिले. तुमच्या स्पेशल फिक्स्चरचं (वस्तू पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याचं) ड्रॉइंग तुमच्याकडे आहे, की फक्त जॉबवाल्याच्या वहीत?

दिरांना एक विचारा. ड्राइव्ह लांबणार हे व्हेंडरने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की दहाव्या? पहिल्यात सांगितलं असेल, तर त्याला सोडू नका.