बटण एकदाच बनवा, पण नीट बनवा: रिॲक्ट नेटिव्हच्या कंपोनंट लायब्ररीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे तीन ॲप्स आहेत, सगळी रिॲक्ट नेटिव्हमध्ये (म्हणजे एकाच कोडवरून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींची ॲप्स). कॉमन लायब्ररी करायचं ठरलंय, पण सुरुवात कुठून करायची? आधी सगळे कंपोनंट्स, म्हणजे बटण, कार्ड असे परत परत लागणारे तुकडे, लिहून काढू का?

नको. आधी तिन्ही ॲप्सच्या प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढा आणि एका मोठ्या पानावर शेजारी शेजारी लावा. एकाच निळ्याच्या पाच छटा निघतील, बटणाची उंची कुठे ४० कुठे ५२, आणि हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय टीममध्ये कुणाला पटत नाही हा माझा अनुभव आहे. मग पहिलं काम टोकन्सचं, म्हणजे रंग, अंतरं, फॉन्टचे साइज यांना नावं द्यायची. नाव कामावरून द्या, 'निळा५००' असं थेट कंपोनंटमध्ये वापरू नका, 'मुख्यकृती' असं काहीतरी ठेवा, नाहीतर डार्क मोड आला की रडायची वेळ येते. आणि एखादी गोष्ट निदान तीन ठिकाणी लागत असेल तरच ती लायब्ररीत घ्या, दोन ठिकाणी असेल तर खुशाल कॉपी करा.

प्रश्न: कार्डची सावली आयफोनवर छान दिसते, अँड्रॉइडवर दिसतच नाही. काय चुकतंय?

तुमचं काही चुकलेलं नाही. शॅडोऑफसेट, शॅडोओपॅसिटी वगैरे आयओएससाठी आहेत, अँड्रॉइडला एलिव्हेशन द्यावं लागतं. रिॲक्ट नेटिव्हच्या ०.७६ आवृत्तीपासून नव्या आर्किटेक्चरवर (आतल्या नव्या रचनेवर) बॉक्सशॅडो दोन्हीकडे चालतं, जुन्यावर असाल तर शॅडो आणि एलिव्हेशन दोन्ही लिहा, पण फक्त लायब्ररीतल्या एकाच फाइलमध्ये. आणि त्याच व्ह्यूला (चौकटीला) ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाणारं कापून टाका, असं दिलंत तर आयफोनवरची सावलीपण कापली जाते, म्हणून बाहेरच्या व्ह्यूला सावली आणि आतल्याला गोल कोपरे असे दोन थर करा.

प्रश्न: इंग्रजीत बटण बरोबर दिसतं, मराठी केलं की अक्षरं वरून-खालून कापली जातात. फॉन्ट बदलायचा का?

हा प्रश्न आला याचा मला खरंच आनंद झाला, कारण मी स्वतः यात पोळलोय. एका ॲपमध्ये 'अर्ज पूर्ण करा' असं बटण होतं, फॉन्ट १६, लाइनहाइट (एका ओळीची उंची) १८, बटणाची उंची पक्की ३६. काही फोनवर वरचा रफार गेला, खालचा ऊकार गेला आणि लोकांना दिसत होतं 'अज पण करा'. एवढ्या मेहनतीने फॉर्म भरलेल्या माणसाला शेवटच्या बटणावर असलं काही दिसणं बरोबर नाही ना.

फॉन्ट बदलून हे सुटत नाही. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं अशी दोन्हीकडे जागा लागते, म्हणून लाइनहाइट फॉन्टच्या दीडपटीच्या आसपास ठेवा. उंची कधीच पक्की देऊ नका, हाइटऐवजी मिनहाइट आणि वर-खाली पॅडिंग, कारण आपल्या घरातली मोठी माणसं सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करतात, मजकूर वाढतो आणि डबा तेवढाच राहतो. मिनहाइट ४८ धरा, अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे आणि ॲपलची ४४ पॉइंटची, म्हणजे दोन्हीकडे भागतं. ॲलाउफॉन्टस्केलिंग (फोनच्या सेटिंगप्रमाणे अक्षर मोठं होऊ देणं) बंद करून मोकळं व्हायचा मोह होतो, ते मात्र करू नका.

प्रश्न: डॉक्युमेंटेशन लिहिलं, पण टीममधलं कुणी वाचत नाही. परत येऊन मलाच विचारतात.

तुम्ही बहुतेक प्रॉप्सचा, म्हणजे कंपोनंटला देता येणाऱ्या पर्यायांचा, तक्ता लिहिलाय. तो टाइपस्क्रिप्टच्या टाइप्समधून आपोआप निघू शकतो, त्यात स्वतःचा वेळ घालवू नका. माणसाने लिहायचं ते वेगळं असतं: हे कधी वापरायचं, कधी नाही, आणि नाही तर मग काय. उदाहरणार्थ आमच्या बटणाच्या पानावर पहिलीच ओळ आहे, 'एका स्क्रीनवर मुख्य बटण एकच. दुसऱ्या पानावर न्यायचं असेल तर बटण नको, लिंक वापरा.' त्याखाली कॉपी करून लगेच चालेल असा पाच ओळींचा कोड, मग लोडिंग, डिसेबल्ड, लांबलचक मजकूर अशा अवस्था, आणि टॉकबॅक, व्हॉइसओव्हर (न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइड आणि आयफोनवरची सोय) ते बटण कसं वाचून दाखवतात ते. स्टोरीबुक, म्हणजे एकेक कंपोनंट वेगळा उघडून बघायचं टूल, फोनवर चालवता येतं, ते चालवाच, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये अँड्रॉइडचा कीबोर्ड वर येऊन बटण झाकतो हे कळणार कसं? नमुना मजकूर मराठीच ठेवा, आणि मुद्दाम अवघड: 'राष्ट्रीयीकृत', 'कर्जमंजुरी', 'पुष्ट्यर्थ'.

आणि कुणी विचारायला आलं तर तोंडी सांगून सोडू नका, त्याच्यासमोर पान उघडा, उत्तर तिथे नसेल तर दोघांनी मिळून तिथेच लिहा. आमच्याकडे निम्मं डॉक्युमेंटेशन असंच झालंय.

प्रश्न: लायब्ररी इन्स्टॉल केली की 'इन्व्हॅलिड हुक कॉल' अशी एरर येते.

बहुतेक वेळा रिॲक्ट दोनदा येतंय. लायब्ररीच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्ह डिपेन्डन्सीजमधून काढून पीअर डिपेन्डन्सीजमध्ये टाका (म्हणजे लायब्ररी स्वतःची प्रत न आणता ॲपमधलीच वापरते), नोड मॉड्यूल्स उडवून परत इन्स्टॉल करा. आणि पब्लिश करायच्या आधी एनपीएम पॅक या कमांडने बनवलेली पॅकेजची फाइल एका कोऱ्या ॲपमध्ये टाकून बघा, हा प्रकार तिथेच पकडला जातो.