तिच्या घरी जा, पोस्ट टाकू नकोस

पोरी,

तुझं पत्र वाचलं. दोन ओळींचा मेसेज करायचा कंटाळा करणारी तू वहीची पाच पानं भरतेस, म्हणजे प्रकरण मनाला चांगलंच लागलंय. तुम्हा दोघींना मी आठवीपासून पाहतेय, त्यामुळे तुझ्या मैत्रिणीला डोपिंगसाठी, म्हणजे बंदी असलेल्या औषधासाठी, चार वर्षांचा बॅन बसल्याचं ऐकून माझ्याही पोटात खड्डा पडला. तरी तू विचारलेल्या तीन गोष्टींची उत्तरं सरळ आहेत. तिच्या घरी जाऊ का? जा. कॅम्पमधल्या मुली मिळून इन्स्टाग्रामवर ‘आम्ही तुझ्यासोबत’ अशी पोस्ट टाकणार आहेत, त्यात तुझा फोटो द्यायचा का? नको. सुट्टीत तिला आपल्या ग्राउंडवर जुन्या बॅचबरोबर सरावाला घ्यायचं का? मुळीच नाही.

शेवटचं आधी सांगते, कारण तिथे भावनेचा प्रश्नच नाही, नियम आहे. बॅन म्हणजे फक्त शर्यतीला बंदी असं पोरं समजतात. आपला क्लब जिल्हा संघटनेला जोडलेला, जिल्हा राज्याला, राज्य राष्ट्रीय महासंघाला. या साखळीतल्या कुठल्याही सरावात, शिबिरात, साध्या तालुक्याच्या स्पर्धेतही तिला भाग घेता येत नाही. शेवटचे दोन महिने उरले की मगच संघाबरोबर सरावाची मुभा मिळते. त्याआधी नियम मोडल्याचं सिद्ध झालं तर मूळ बॅन जेवढा, तेवढाच आणखी शेवटी जोडला जाऊ शकतो. चाराचे आठ. पहाटे अंधारात कोण बघतंय, असं तू लिहिलंयस. अगं, आपल्या ग्राउंडवर पहाटे साडेपाचला पोलीस भरतीची शंभर पोरं असतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. तुझ्या मायेपायी तिची आणखी चार वर्षं जायची.

घराजवळच्या रस्त्यावर ती पळाली तर तिला कुणी अडवत नाही. तू गावी आलीस आणि दोघी मळ्याच्या रस्त्याने सहा किलोमीटर रमतगमत जाऊन आलात, तर त्यालाही हरकत नाही. बॅन झालेल्या खेळाडूशी बोलायचं नाही, असा नियम कुठेही नाही. तो आहे कोच, डॉक्टर, फिजिओ यांच्याबाबतीत. त्यांच्यावर बंदी असेल तर त्यांच्याकडून सराव, सल्ला, उपचार काहीच घ्यायचं नाही. अल्बर्टो सालाझार या अमेरिकन कोचवर २०१९ मध्ये चार वर्षांची बंदी आली तेव्हा दोह्याला जागतिक स्पर्धा चालू होती. त्याच्या धावपटूंना तिथल्या तिथे त्याच्याशी संबंध तोडायला सांगितलं गेलं. तुमच्या कॅम्पमध्ये उद्या असं काही झालं तर निष्ठा-बिष्ठा म्हणत बसू नकोस, बॅग भर.

आता पोस्टचं. ‘ती असं करूच शकत नाही’ हे वाक्य तुला मनापासून लिहावंसं वाटतंय. पण तुला ते माहीत आहे, की तुला तसं हवंय?

२०११ मध्ये तू शाळेतही जात नव्हतीस, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर यांनी ४ बाय ४०० रिलेचं सुवर्ण जिंकलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूला आशियाई सुवर्ण. आमच्या पिढीच्या बायका ते बघून अक्षरशः रडल्या होत्या. आणि २०११ च्या जून-जुलैत एकामागून एक सहा क्वार्टरमायलर, म्हणजे ४०० मीटर धावणाऱ्या मुली, डोप टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आल्या, त्यात त्या चौघींपैकी तिघी. सापडलं होतं स्टेरॉइड. मुलींचं म्हणणं असं की चीनमधून आणलेल्या जिनसेंगमध्ये भेसळ होती. युक्रेनचे कोच युरी ओगोरोदनिक यांना घरी पाठवलं. देशातल्या पॅनेलने एक वर्षाचा बॅन दिला, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०१२ मध्ये तो दोन वर्षांचा केला. त्या दिवसांत ज्याला-त्याला एकच घाई होती, पोरी निर्दोष आहेत हे जाहीर करायची. मग जिनसेंग नेमकं कुणी आणलं, डब्यावर काय छापलं होतं, तो घेण्याआधी तपासायला का दिला नाही, हे प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडले.

पुढचं ऐक. बॅन संपवून मनदीप आणि त्या सहांपैकीच प्रियांका पनवार परतल्या. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत टिंटू लुका आणि एम. आर. पूवम्मा यांच्यासोबत ३ मिनिटं २८.६८ सेकंदांत स्पर्धाविक्रमी सुवर्ण. किती छान गोष्ट वाटते ना? नंतर प्रियांका २०१६ मध्ये पुन्हा सापडली, आठ वर्षांचा बॅन. आणि पूवम्माला २०२१ च्या एका सॅम्पलवरून आधी तीन महिने, मग अपिलात दोन वर्षं. म्हणजे इंचॉनच्या त्या चार जणींपैकी तिघींच्या कारकिर्दीत केव्हा ना केव्हा बॅन आहे. यातली कोण जाणूनबुजून आणि कोण डब्यातल्या भेसळीने, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यांच्या खोलीत राहणाऱ्या मुलींनाही छातीठोक सांगता आलं नसतं. म्हणून पोस्ट नको. मैत्रीण आहेस तेवढी पुरे, तिचं प्रमाणपत्र होऊ नकोस.

(पोस्टवर ‘लाइक’ करून दुसऱ्या दिवशी तिचा नंबर ब्लॉक करणाऱ्या दोघी-तिघी निघतील, बघशील तू.)

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर तू हे पत्र लिहिलंस, ती. चौथ्या पानावर तळाशी एक ओळ आहे: मेसच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या डब्यामागे, पेपरात गुंडाळलेली एक छोटी बाटली तू एकदा पाहिलीस, आणि ती म्हणाली, ‘बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिनचं इंजेक्शन आहे, केंद्रावरचे डॉक्टर देतात.’ पुढच्याच ओळीत तू एकदम मुंबई मॅरेथॉनवर गेलीस. पोरी, मी तुझी ट्रेनिंग डायरी चार वर्षं तपासलीय. वर्कआउट अर्धवट सोडलास की तू पुढच्या ओळीत नेहमी हवामान लिहायचीस.

ती बाटली खरोखर बी-ट्वेल्व्हची असू शकते. सरावात असलेल्या धावपटूने कुणाच्या हातची सुई घ्यावी का, हा वेगळा विषय, त्यावर भेटल्यावर बोलू. पण तू जे पाहिलंस ते पाहिलंस. उद्या तपास अधिकाऱ्याने तुला विचारलं तर जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं. बाटली होती, पेपरात होती, ती असं म्हणाली. त्यात ‘मला वाटतं’ घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. झाकाझाकीला मदत करणं, सॅम्पल घेणारे आले की ‘ती बाहेर गेलीय’ म्हणून खोटं सांगणं, वस्तू गायब करणं, हे सगळं डोपिंगच्या नियमांत स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. त्याला कमीत कमी दोन वर्षं आहेत, वरची मर्यादा आजन्म. २०२३ च्या सप्टेंबरातला दिल्ली राज्य स्पर्धेचा किस्सा तुम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत एकमेकांना सांगितला होता. नाडाची, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेची, माणसं आली म्हणताच पुरुषांच्या १०० मीटर फायनलला एकच पोरगा उरला, आणि स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, मुलगी शेवटची रेषा ओलांडूनही थांबेना, मागे अधिकारी पळतोय. मला काही हसू आलं नाही. एवढी पोरं एकदम गायब होतात तेव्हा कुणीतरी मित्रधर्म पाळून ‘आले रे’ म्हणून फोन फिरवलेला असतो, असं माझं मत आहे.

पण हे विचारलं जायची वाट बघू नकोस. आधी तिलाच सांग. तोंडावर, तिच्या घरी. ‘मी ती बाटली पाहिली होती. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून मी आले.’ ती चिडेल. कदाचित तुला हाकलूनही देईल. तरी तिला एवढं ऐकण्याचा हक्क आहे.

आणि ती शांत झाली तर एकच विचार: कुणी दिलं? जाणून घेतलं असो वा नकळत, कुणाच्या तरी हातून आलंच ना. २०२३ मध्ये नाडाने तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ पॉझिटिव्ह निघाले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत इतकं प्रमाण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. या २१३ मध्ये शेतमजुरांच्या, रिक्षावाल्यांच्या पोरी-पोरं किती असतील याचा अंदाज तू-मी करू शकतो. नाव पेपरात येतं त्यांचं. बाटली देणारा पुढच्या बॅचला ‘रिकव्हरी’चं पाकीट तयार करत असतो. सगळ्या मुली ‘आम्ही काही पाहिलं नाही’ म्हणाल्या की सर्वांत जास्त फायदा कुणाचा होतो? तिचा तर एक दिवसही कमी होत नाही. उलट पुरवठादारापर्यंत पोहोचवणारी ठोस माहिती तिने दिली, त्यातून दुसरं प्रकरण उभं राहिलं, तर बॅनचा मोठा भाग, तीन चतुर्थांशापर्यंतसुद्धा, स्थगित होऊ शकतो. हे तिला कुणी सांगितलंय का? बहुतेक नाही. अपील करायचं असेल तर मुदत मोजकी असते, तेव्हा निकालाचा कागद मागून घे, तारीख बघ आणि मला फोटो पाठव. क्रीडा कायद्यातल्या एका वकीलबाईंना मी शब्द टाकते.

तू पत्रात ‘टीम’ हा शब्द बऱ्याचदा वापरलायस. त्या टीममध्ये ट्रायलला पाचवी आलेली ती सांगलीकडची पोरगी धरलीस का? ०.२ सेकंदाने तिचं रिलेतलं नाव गेलं आणि ती जनरलच्या डब्यातून घरी गेली. तिच्यासाठी कुणी पोस्ट टाकली नाही. आता निकाल रद्द होईल, तिचं नाव कदाचित वर सरकेल, पण क्रीडा कोट्यातल्या भरतीची तारीख उलटलेली असेल तर त्या वर सरकण्याचं ती काय करणार? २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपली मिश्र रिले दुसरी आली. पुढे बहरीनची केमी अडेकोया स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडसाठी बॅन झाली आणि आपल्याला सुवर्ण मिळालं. पण भर स्टेडियमवर राष्ट्रगीत वाजायचं राहिलं ते राहिलंच.

आणि सोबत धावणाऱ्यांचं काय होतं, तेही बघ. बीजिंग ऑलिम्पिकला २००८ मध्ये जमैकाच्या ४ बाय १०० संघाने ३७.१० चा विश्वविक्रम केला. पहिला टप्पा नेस्टा कार्टरचा. त्याचं साठवलेलं सॅम्पल २०१६ मध्ये पुन्हा तपासलं, मिथाइलहेक्सेनामिन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं, जानेवारी २०१७ मध्ये अख्ख्या संघाची पदकं गेली. उसेन बोल्टची नऊ सुवर्णं आठ झाली. तुमच्या रिलेचा निकाल गेला तर तुझंही प्रमाणपत्र जाईल. त्याचा राग तुला यायलाच हवा, आणि तो आला म्हणून तू वाईट मैत्रीण ठरत नाहीस. पाच पानांत रागाचा एक शब्द नाही, हे मला खटकलं.

तर, जा रविवारी. सकाळी जा म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत थांबता येईल. मिठाई वगैरे नेऊ नकोस, वाढदिवस नाही. तिची आई दारातच विचारेल, ‘तुला तरी खरं वाटतं का गं?’ तिला खोटं सांगू नकोस, ‘मावशी, मी तिला भेटायला आलेय’ एवढं म्हण आणि आत जा. भाऊ कुजकं बोलेल, त्याच्या नादी लागू नकोस. गावात चौकात फ्लेक्स लागला होता तिचा, तो उतरवला असेल किंवा उतरवला नसेल, दोन्ही तिच्यासाठी वाईटच. तिच्याशी बी.ए.च्या राहिलेल्या विषयांबद्दल बोल, फॉर्मची शेवटची तारीख काढून ने. नोकरीचं ती काढेल तर ऐक, ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नकोस. आणि तिने काढल्याशिवाय तुझ्या टायमिंगबद्दल एक अक्षर नाही.

शेल्बी हुलिहान म्हणून अमेरिकेची धावपटू आहे. तिलाही २०२१ मध्ये चार वर्षं मिळाली. आजवर ती ‘मी घेतलं नाही’ म्हणते, लवादाने ते मानलं नाही. बॅन संपल्यावर २०२५ मध्ये नानजिंगच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत तिने ३००० मीटरचं रौप्य घेतलं. टाळ्या वाजवणारेही होते आणि नाकं मुरडणारेही. तुझी मैत्रीण परत आली तर तिचंही असंच होणार. पण ती परत येईल की नाही हे आज तिच्यासमोर काढूच नकोस, चार वर्षं ही तिच्या वयाला फार मोठी गोष्ट आहे.

जाताना तिचं जुनं स्टॉपवॉच माझ्याकडे पडलंय, ते घेऊन जा. आणि रात्री तिच्याकडेच मुक्काम करणार असशील तर निघायच्या आधी ॲपवर व्हेअरअबाउट्समध्ये, म्हणजे टेस्टवाल्यांना तू कुठे सापडशील त्या नोंदीत, पत्ता बदल. मागच्या महिन्यात तुझी एक टेस्ट चुकलीय, बारा महिन्यांत तीन झाल्या की काय होतं ते तुला माहीत आहे.

तुझी,
ताई