सोंड कापायची घाई नको

चि. डॉक्टर,

तुझं पत्र आणि बाळाचे फोटो मिळाले. (फोटो पाठवण्याआधी आईबापांची परवानगी घेतली होतीस ना?) डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी लोंबणारी बोटाएवढी नळी आणि त्या बाजूची नाकपुडीच नाही; निदान बरोबर आहे, प्रोबॉसिस लॅटरॅलिस, म्हणजे बाजूला फुटलेली सोंड. लाखात एकाहूनही कमी, तेव्हा तुझ्या युनिटमध्ये कुणी पाहिलेलं नसणारच.

पण ‘नळी काढून टाकू, नाकाचं पुढे बघू’ हे वाचून मी दचकलो. तरुणपणी मी नेमकं हेच केलं. नळी कापून बादलीत टाकली आणि पुढे नाक उभं करताना कातडीसाठी त्या पोराच्या कपाळावर जन्माचा व्रण ठेवला. अगं, ती नळी म्हणजे वाट चुकलेलं अर्धं नाक. बाहेर कातडी, आत अस्तर. देठाचा रक्तपुरवठा सांभाळून ती उभी चिरायची, उलगडायची आणि रिकाम्या जागी बसवायची. बाळ एका नाकपुडीने श्वास घेतंय, दूध ओढतंय. मग घाई कसली?

आधी सीटी आणि एमआरआय. मुळाशी कवटीला भोक असलं, तर तुझी सुरी मेंदूच्या आवरणाला लागेल. रडताना मूळ फुगतं का, तेही बघ. डोळेवाल्यांना दाखवच, त्या बाजूची अश्रुनलिका बहुधा नसते.

माप चांगल्या नाकपुडीवरून घे. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाची हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती. पुण्याकडच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या माणसाने मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवला, मग सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने नव्या नाकासाठी कातडी आखली. आपण टाक्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद वापरतो, इतकंच.

आजी म्हणते गणपती आलाय, आणि आई ग्रहणात विळी धरली म्हणून स्वतःला कोसतेय, असं लिहिलंयस. आजीशी वाद घालू नकोस. आईला मात्र एकटीला बसवून सांग, की चेहरा घडतो चौथ्या ते आठव्या आठवड्यात, पुष्कळदा दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आत, आणि तिच्या विळीचा याच्याशी संबंध नाही. एका ऑपरेशनात भागेल असंही म्हणू नकोस. वाढ थांबल्यावर, सतराव्या-अठराव्या वर्षी, बरगडीची कूर्चा घेऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

सीटी झाला की फोन कर. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
सर